नोटेची घडी

लग्नसराई तोंडावर आली, की तालुक्याच्या गावात बँकेच्या कॅशियरचा भाव एकदम वधारतो. एरवी रांगेत उभं राहून आपल्याकडं रागानं पाहणारी माणसं रस्त्यात गाडी थांबवून तब्येत विचारतात, चहाचा आग्रह करतात आणि निघता निघता हळूच म्हणतात, “साहेब, दहाची एखादी कोरी गड्डी निघेल का?” आर्णीत मी बरीच वर्षं कॅशच्या काउंटरवर काढली. या एका गड्डीसाठी मला जेवढी लग्नाची आमंत्रणं आली, तेवढी माझ्या सख्ख्या नातेवाइकांनीही दिली नसतील. तर श्रोतेहो, त्या कोऱ्या नोटांचं पुढं काय होतं, याविषयी आज थोडं बोलावं म्हणतो.

त्यांचा हार होतो. रुखवतात ठेवायला मोर होतो, होडी होते, बैलगाडी होते. साखरपुड्याच्या ताटात नोटांची फुलं येतात. अलीकडं वाढदिवसाला नोटांचा बुके देतात आणि केकमधून ओढून काढायची नोटांची लांबच लांब माळही निघाली आहे. मोबाइलवर पाहून पोरी अर्ध्या तासात हे शिकतात. काहींना हा थिल्लरपणा वाटतो. मला वाटत नाही. का वाटत नाही, ते सांगतो.

नोट दुमडणं आपल्याला काही नवीन नाही. काउंटरवर बसून मला एक खोड लागली होती. नोट हातात आली, की तिच्या घडीवरून ती कुठून आली, हे ओळखायचं. चार घड्या घालून अगदी बोटाच्या पेराएवढी केलेली आणि किंचित दमट असेल, तर ती लुगड्याच्या पदराच्या गाठीतून आलेली. दोन घड्यांची, कडेला तेलकट, ती टोपीच्या आतल्या पट्टीतली. उभी, लांबट एकच घडी असेल, तर डोळे मिटून सांगावं, की ही एसटीच्या कंडक्टरच्या बोटांतून आली. बाबा कंबलपोष यांच्या यात्रेनंतर येणाऱ्या नोटा तर वासावरूनही कळायच्या. लोबान आणि तळणीचं तेल. या यात्रेला सगळ्या धर्मांची माणसं येतात आणि त्यांच्या नोटा माझ्यासमोर एकाच ढिगात पडायच्या.

आता हा कागद एवढा दुमडून टिकतो कसा? कारण तो आपल्या नेहमीच्या अर्थानं कागदच नाही. वहीचा कागद लाकडाच्या किंवा बांबूच्या लगद्याचा असतो. आपली नोट शंभर टक्के कापसाची. तिचा कागद पूर्वीचं होशंगाबाद, म्हणजे आजचं नर्मदापुरम, आणि म्हैसूर इथल्या गिरण्यांत तयार होतो आणि आपल्या नाशिकच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जातात. अमेरिकेच्या डॉलरचा कागद तीन भाग कापूस आणि एक भाग लिनन असा असतो. तिथल्या सरकारी छापखान्याचं म्हणणं आहे, की नोट फाटायच्या आधी ती पुढं-मागं अशी सुमारे ४००० वेळा दुमडता येते. कापूस आहे तो. धोतर रोज धुतलं, पिळलं, तरी वर्षभर जातंच की. यवतमाळ जिल्ह्याला कापसाबद्दल कुणी काय सांगावं! आम्ही त्याला पांढरं सोनं म्हणतो. त्या सोन्याच्या भावाचा विषय आज काढत नाही, नाही तर हे भाषण तिकडंच जाईल.

म्हणजे घडी ही नोटेची शत्रू नाही. शत्रू वेगळे आहेत. टाचणी, स्टेपलरची पिन आणि गोंद.

जुन्या श्रोत्यांना आठवत असेल, पूर्वी बँकेतून मिळणाऱ्या नोटांच्या पाकिटाला जाड पिन मारलेली असायची. ती काढता काढता नखं तुटायची आणि कोपऱ्यातली नोट फाटायची. नोव्हेंबर २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना ही पिन मारायला बंदी केली आणि कागदी पट्टी आली. ‘स्वच्छ नोट धोरण’ म्हणतात ते हेच. त्याच धोरणाखाली लोकांनाही वेळोवेळी आवाहन झालं आहे, की नोटांचे हार करू नका, मांडव सजवू नका, समारंभात नोटा उधळू नका, त्यावर काही लिहू नका. या आवाहनाचा गावात भलताच अर्थ निघाला. दुमडलेली नोट रद्द होते, लिहिलेली नोट रद्द होते, अशा अफवा दर दोन वर्षांनी उठतात आणि बिचारा भाजीवाला नोट परत करतो. तसं काही नाही. लिहिलेली नोटही नोटच असते, ती खात्यात भरता येते. फाटली तरी तिचे नियम ठरलेले आहेत. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा सलग तुकडा अर्ध्याहून मोठा असेल, तर पूर्ण पैसे मिळतात. पन्नास आणि त्यापुढच्या नोटेचा ऐंशी टक्क्यांहून मोठा सलग तुकडा असेल, तर पूर्ण, चाळीस ते ऐंशी टक्के असेल, तर निम्मे.

पण बाजारातला तयार हार बघा. प्रत्येक नोटेला जपानी पंख्यासारख्या चुण्या घालतात, इथवर उत्तम. मग ती रिबिनीवर ठेवून खाडकन पिन मारतात. एका हारात पन्नास नोटा, म्हणजे पन्नास पिना, शंभर भोकं. नवरदेवाच्या गळ्यात तो हार अर्धा तास राहतो आणि दुसऱ्या दिवशी घरातली पोरं त्या नोटा ओरबाडून काढतात. काउंटरवर मी त्या पाहिल्या आहेत. मध्यभागी दोन गंजके डाग आणि कडेपर्यंत गेलेली चीर. २०१० मध्ये लखनौच्या सभेत मायावतींना हजाराच्या नोटांचा भला मोठा हार घातला गेला आणि देशभर त्यातल्या पैशांची चर्चा झाली. माझ्यातल्या कॅशियरच्या मनात मात्र आलं, की त्या नोटा एकमेकींना जोडल्या कशानं असतील?

पैसा अंगावर घालायची हौस अर्थात हारापेक्षा फार जुनी आहे. आर्णी, दिग्रस, पुसद या पट्ट्यात बंजारा समाजाची मोठी वस्ती. तांड्यावरच्या जुन्या बायकांच्या गळ्यात आणि कपड्यांवर नाणी असायची. त्यातला राणीच्या छापाचा चांदीचा रुपया म्हणजे अकरा ग्रॅम आणि वर दोन तृतीयांश ग्रॅम वजन, त्यात शंभरातले जवळपास ब्याण्णव भाग चांदी. त्याला कडी जोडली, भोक पाडलं, तरी चांदी कुठं जात नाही. अडीअडचणीला सोनाराकडं ठेवला, की पैसे हातात. आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेचंही तेच. नोटेचं तसं नाही. नोट म्हणजे एक लिहून दिलेलं वचन. त्या कागदाला स्वतःची किंमत नाही. वचनाचा कागद फाडला, की काय उरतं? म्हणून नाण्याचा दागिना करणाऱ्या आजीपेक्षा नोटेचा मोर करणाऱ्या नातीला हात जास्त जपून चालवावा लागतो.

आता रुखवताकडं येतो, कारण खरी गोष्ट तिथं आहे. शहरातल्या श्रोत्यांना रुखवत म्हणजे सुपारीचे नवरा-नवरी आणि लोकरीचं तोरण एवढंच आठवेल. आमच्याकडं त्यात नोटांची एखादी वस्तू असतेच. ऐपतीप्रमाणं कुणाची दहाच्या नोटांची, कुणाची शंभराच्या. मला पुष्कळ वर्षं वाटायचं, की हा नुसता देखावा. नंतर लग्नांच्या हिशेबाला बसता बसता एक गोष्ट लक्षात आली. आहेराच्या पाकिटातले पैसे मोजले जातात. मांडवात एक जण वही घेऊन बसलेला असतो. पाकीट फोडायचं, नाव लिहायचं, पाचशे एक, दोनशे एक, आणि ती रक्कम घरातल्या कर्त्या पुरुषाच्या हाती जाते. मंडपवाल्याचं बिल, आचाऱ्याचं बिल त्यातून भागतं. मोर मात्र कुणी मोजत नाही. तो शोभेचा. तो मुलीच्या पेटीबरोबर सासरी जातो आणि तिच्या खोलीच्या भिंतीवर लागतो. आई हे ओळखून असते. ज्या घरात लेकीच्या हाती सरळ रोख रक्कम दिली, तर संध्याकाळपर्यंत ती दुसऱ्याच्या खिशात जाईल, त्या घरात आई नोटांचा मोर करते.

कायद्यानं पाहिलं, तर हे स्त्रीधनच. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, आणि त्याखालच्या १९८५ च्या नियमांप्रमाणं वधू-वरांना मिळालेल्या भेटींची यादी करून ठेवायची असते. अशी यादी केलेली मी तरी माझ्या उभ्या आयुष्यात पाहिलेली नाही. मोराच्या पिसाऱ्यात ती यादी आपोआप मांडलेली असते, एवढंच.

मग आला नोव्हेंबर २०१६. आठ तारखेच्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद झाल्याची घोषणा झाली. कापूस घरात येण्याचे दिवस, तुळशीच्या लग्नानंतर मांडव पडण्याचे दिवस. पुढचे पन्नास दिवस आम्ही कसे काढले, ते सगळ्या बँकवाल्यांनी सांगून झालं आहे, मी पुन्हा सांगत नाही. मला त्यातली एक बाई सांगायची आहे.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा असेल. तीस तारीख ही मुदत. दुपारी एक शेतकरी जोडपं आलं. नवऱ्याच्या हातात सुतळीनं बांधलेली काचेची तसबीर. मला वाटलं, देवाचा फोटो असावा. काउंटरच्या खिडकीतून ती आत जाईना, म्हणून मी बाजूच्या दारातून त्यांना टेबलाजवळ घेतलं. सुतळी सोडली, तर आत मोर. मान आणि अंग शंभराच्या जुन्या निळसर नोटांचं, आणि पिसारा पाचशेच्या पिवळट-हिरव्या नोटांचा. अकरा पिसं. साडेपाच हजार रुपये. २०११ सालच्या लग्नातलं रुखवत, बाईच्या आईनं केलेलं. आई दोन वर्षांपूर्वी वारली होती.

नवरा नाराज दिसत होता. त्याचंही बरोबर होतं. मधल्या दोन वर्षांत पिकानं दगा दिला, त्यानं बियाण्यासाठी चढ्या व्याजानं पैसे काढले, आणि तेव्हा साडेपाच हजार डोळ्यांसमोर भिंतीवर टांगलेले होते. तो मला म्हणाला, “इचारा तिले, तवा काहून नाही काढले पैशे?”

ती खाली मान घालून उभी होती. मग म्हणाली, “थे पैशे नव्हते साहेब. मोर व्हता थो.”

मी तिकडं काहीच बोललो नाही. रांग दारापर्यंत होती आणि बोलायला सुचतही नव्हतं. काच काढली. भीती होती ती गोंदाची. आजकालच्या पांढऱ्या गोंदानं चिकटवलेली नोट पुठ्ठ्यावरून ओढली, की वरचा पापुद्रा निघून येतो. पण तिच्या आईनं गव्हाच्या पिठाची खळ वापरली होती, तीही प्रत्येक नोटेच्या एकाच कोपऱ्याला, करंगळीच्या नखाएवढी. मी शिपायाकडून ओलं फडकं मागवलं. कोपरे भिजवले, पाच-सात मिनिटं थांबलो, आणि एकेक पीस अख्खं सुटून आलं. कापसाचा कागद पाण्याला घाबरत नाही. उलगडल्यावर प्रत्येक नोटेवर तिरप्या घड्यांची जाळी होती, पण चीर एकही नाही. त्या माउलीनं मोर करतानाच तो कधीतरी मोडावा लागेल, हे धरून ठेवलं होतं.

दहा नोटा मोजून झाल्या. अकरावी बाईच्या हातात होती. “एक ठेवू का?” मी म्हटलं, ठेवायला हरकत काय, पण ती आता चालणार नाही. तिला चालवायची नव्हतीच. पुढं फेब्रुवारी २०१७ मध्ये या नोटांचा कायदा झाला, त्यात एका माणसानं अशा दहा नोटांपर्यंत जवळ ठेवायला मुभा आहे. म्हणजे तिचं पीस कायदेशीर ठरलं. पाच हजार रुपये तिच्या स्वतःच्या जनधन खात्यात भरले. पासबुकात तोवर शिल्लक शून्य होती. नवऱ्यानं खातं आपलं द्यायचा विचार बोलून दाखवला होता. पण बाईनं पिशवीतून स्वतःचं पासबुक आधीच काढून टेबलावर ठेवलं होतं. मान आणि अंगाच्या शंभराच्या नोटा चालू होत्या, त्यांना हात लावावा लागला नाही. पिसारा गेलेला मोर पुन्हा काचेत घालून, सुतळी बांधून दोघं अरुणावतीच्या पुलाकडं निघून गेली.

त्या दिवसानंतर नोटांची कलाकुसर पाहताना मी पहिल्यांदा मागची बाजू बघतो. निवृत्त झाल्यावर आमच्या सौ. आणि गल्लीतल्या दोघी-तिघींनी अशा वस्तू करून द्यायचं काम सुरू केलं, तेव्हा मी एकच अट घातली. नोटेला पिन नाही, गोंद नाही, कात्री नाही. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, मग काय, थुंकीनं चिकटवायच्या? पण बायकांना एकदा अडचण नीट सांगितली, की वाट त्याच काढतात. पूर्वी फोटोच्या अल्बममध्ये कागदाचे त्रिकोणी कोपरे असायचे, त्यात फोटो अडकवायचा. तसे कोपरे पुठ्ठ्यावर चिकटवायचे आणि नोट त्यात खोचायची. फुलाला मध्ये दोरा. बुके करायचा, तर प्रत्येक नोट पारदर्शक पिशवीत, आणि चिकटपट्टी पिशवीला. वस्तू झाली, की आमच्या सौ. शेजारच्या चार वर्षांच्या पोराला एक नोट ओढायला लावतात. अख्खी आली, तर वस्तू पास.

माझं योगदान मोजपट्टीचं. नोटांची मापं मी कधी लक्षपूर्वक पाहिलीच नव्हती. आताची दहाची नोट १२३ मिलिमीटर लांब आणि ६३ रुंद. वीसची १२९ आणि ६३. पन्नासची १३५ आणि ६६. कागदाच्या घड्यांचं काम बहुतेक चौकोनावर चालतं, आणि या तिन्ही नोटा म्हणजे जवळजवळ दोन चौकोन शेजारी-शेजारी ठेवलेले. दहाच्या नोटेत ते पुरे व्हायला तीन मिलिमीटर कमी पडतात, वीस आणि पन्नासच्या नोटेत तीन उरतात. म्हणून भिंगरी, होडी, कमळ यांना या नोटा बऱ्या. शंभरची १४२, पाचशेची १५०, रुंदी दोन्हींची ६६. त्या लांबट आहेत, त्यांचा सदरा छान होतो, कॉलरसकट. तेव्हा गरिबाच्या नोटेचं फूल चांगलं होतं आणि श्रीमंताच्या नोटेचा सदरा, असं मी गमतीनं म्हणतो.

रंगांचं आणखी वेगळं. दहाची चॉकलेटी, वीसची हिरवट पिवळी, पन्नासची निळी, शंभरची जांभळट, दोनशेची पिवळी, पाचशेची दगडी करडी. मोराला पन्नास आणि वीस पुरतात. वीसच्या नोटेमागं आपलं वेरूळ आहे, ते पिसाऱ्यात वर दिसलं पाहिजे, असा एका काकूंचा हट्ट असतो. गांधीजींच्या चेहऱ्यावरून घडी जाऊ द्यायची नाही, हा नियम कुणी केला माहीत नाही, पण सगळ्याजणी पाळतात. कमळाला गुलाबी लागतो. दोन हजाराची नोट होती, तोवर सोय होती, पण तिची कमळं कोण करवून घेणार? मे २०२३ मध्ये ती नोट चलनातून मागं घेण्याचं जाहीर झालं आणि तो प्रश्नच मिटला.

आपल्याकडं कागदाच्या घड्या म्हटलं, की जपानचं नाव निघतं. पण १८९३ मध्ये मद्रासला टी. सुंदर राव नावाच्या, महसूल खात्यात नोकरी केलेल्या गृहस्थांनी नुसत्या कागदाच्या घड्यांनी भूमिती शिकवणारं पुस्तक इंग्रजीत लिहिलं. त्याची कीर्ती जर्मनीपर्यंत गेली, फेलिक्स क्लाइन या मोठ्या गणितज्ञानं त्याचा उल्लेख केला, आणि १९०१ मध्ये ते अमेरिकेत छापलं गेलं. बालवाडीचा जनक फ्रोबेल याच्या खेळण्यांवरून त्यांना ही कल्पना सुचली होती. आणि फ्रोबेल आपल्या त्या शैक्षणिक साहित्याला काय म्हणायचा? भेट! हे वाचलं तेव्हा मी आमच्या सौ. ना मुद्दाम ऐकवलं. त्या म्हणाल्या, महसूलवाल्यांना तेव्हा बराच वेळ असेल.

जपानी माणूस लग्नात उघडी नोट कधी देत नाही. कोरी नोट, खास पाकिटात, वर गाठ बांधून. आणि त्याच देशात हजार येनच्या नोटेवरच्या नोगुची या शास्त्रज्ञाच्या डोक्यावर घड्या घालून फेटा बांधायचा खेळ एवढा गाजला, की विचारू नका. ती नोट २००४ मध्ये आली होती, २०२४ मध्ये तिच्या जागी दुसरी आली. नायजेरियात उलट टोक. तिथं समारंभात नोटा उधळणं आणि त्यावर नाचणं २००७ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि २०२४ मध्ये काही नामांकित मंडळींना त्यासाठी शिक्षाही झाली. आपल्याकडं एवढी कडक तरतूद नाही. असावी का, असं मला कुणी विचारतं. उधळण्याबद्दल असली तरी चालेल, असं माझं मत आहे. घडीबद्दल नको.

आता आहेराच्या टेबलावरही क्यूआर कोडचा कागद चिकटवलेला दिसतो. माझी तक्रार नाही, हिशेब सोपा होतो. पण तो पैसा कोणाच्या खात्यात जातो, ते त्या कागदावर छापलेलंच असतं, आणि नाव बहुधा मुलीचं नसतं. आमच्याकडं येणारी मागणी त्यामुळं कमी झालेली नाही. आया येतात. एक जण तर म्हणाली, मोर नको, कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही असं काही करा. तिला दहाच्या आणि पन्नासच्या नोटांची तुळस करून दिली. एकशे एक पानं.

मागच्या उन्हाळ्यात मात्र वेगळंच काम आलं. आमच्या ओळखीचे एक कंडक्टर निवृत्त होत होते. एकतीस वर्षं नोकरी. सोबत्यांना त्यांच्यासाठी एसटीची गाडी हवी होती, एकतीस नोटांची. गाडी करणं कठीण नव्हतं, कठीण होता रंग. एसटी लाल, आणि आजच्या एकाही नोटेत लाल नाही. शेवटी एका ड्रायव्हरच्या लक्षात आलं, की वीसची जुनी नोट तांबडी होती. ती अजून चालते, पण दिसते कमी. मग महिनाभर चहाच्या टपऱ्या, किराणा दुकानं, पानठेले यांच्याकडं शोध चालला. जुनी तांबडी वीस कुणाकडं आली, की बदलून घ्यायची. एकतीस जमल्या. मळक्या होत्या, पण गाडीही कुठं धुतलेली असते?

सहाशे वीस झाले. वरचा रुपया हवा. पण दिवे दोन लागतात, म्हणून नाणी दोन. मग आकडा सम झाला, सहाशे बावीस, ते कुणालाच पटेना. शेवटी तिसरं नाणं मागं स्टेपनी म्हणून लावलं. सहाशे तेवीस.

समारंभ बसस्थानकाजवळच्या एका छोट्या हॉलमध्ये झाला. शाल झाली, नारळ झालं, भाषणं झाली. कंडक्टर काका गाडी हातात घेऊन फिरवून फिरवून पाहत होते. मला म्हणाले, “काकाजी, हिच्यातली एक काढली तं गाडी मोडते का?” मी म्हटलं, काढून तर पाहा. त्यांनी मागच्या खिडकीतली एक नोट हळूच ओढली. अख्खी आली. गाडी तशीच उभी राहिली. त्यांनी ती नोट उलगडली, अंगठ्यानं सारखी केली, लांबट उभी घडी घातली आणि डाव्या हाताच्या दोन बोटांच्या फटीत खोचली. सगळा हॉल हसला. ते मात्र हसले नाहीत, तसेच नोट बोटांत धरून पुढच्या माणसाचं भाषण ऐकत बसले.